गुत्त्यातली गरम हवा

माझ्या गाडीला हीटर आहे, हे मला तो बंद पडल्यावर कळलं.

यात माझी काही चूक नाही. हिंगोलीत राहणाऱ्या माणसाला वर्षातले बहुतेक महिने गार हवा कुठून मिळेल याचीच काळजी असते. गरम हवा दारातून, खिडकीतून, पत्र्यातून फुकट येते. मग गाडीतल्या त्या निळ्या-लाल खुणांच्या गोल बटणाला मी कशाला हात लावू? ते कायम निळ्या बाजूला वळवलेलं. लाल बाजू शोभेसाठी दिली असेल, असं मी धरून चाललो होतो. (गाडी घेताना त्या लाल बाजूचेही पैसे माझ्याकडून घेतलेच असणार. हे डोक्यात आलं की अजूनही माझा संताप होतो.)

मी हळदीचा व्यापारी. बाजारात पाठीवर पोती वाहण्यापासून सुरुवात केली आणि आज पोत्यांवर माझंच नाव छापलेलं असतं. हे सगळं घासाघिशीच्या जोरावर. सांगितलेल्या भावात मी आयुष्यात फक्त एसटीचं तिकीट घेतलंय, तेही कंडक्टरशी एकदा बोलून बघितल्यावर. रागही मला लवकर येतो, पण तो धंद्याला उपयोगी पडतो. समोरचा माणूस भाव सांगताना दचकला की निम्मं काम तिथेच होतं.

अशा मला एकाच माणसाने हरवलं होतं. माझे व्याही, हट्टा गावचे माणिकराव.

माझी लेक अर्चना. तिच्या लग्नात नवरा-नवरीला सासरी न्यायला मी माझी गाडी सजवून उभी केली होती. झेंडूच्या माळा, बॉनेटवर गुलाबांचा मोर, सगळं. (मोर करणाऱ्याशी मी इतकी घासाघीस केली होती की त्याने पिसाराच दिला नाही. त्यामुळे मोर जरा बदकासारखा दिसत होता.) माणिकरावांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरला बुटाने टोचून बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "इवाई, गाडी म्हातारी हाय. वाटंत दम लागायचा तिला." एवढं बोलून त्यांनी माझ्या गाडीच्या माळा उतरवल्या आणि आपल्या नव्या पांढऱ्या गाडीला बांधल्या. मोरही उचलून नेला. अख्खं वऱ्हाड बघत होतं.

लग्नातले रुसवे-फुगवे विसरून जावेत असं लोक म्हणतात. जेवणावरून झालेलं मी विसरलो. मानपानाचं विसरलो. मोर विसरलो नाही.

तर अर्चना पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली आणि मला नातू झाला. सव्वा महिना झाल्यावर बाळ-बाळंतिणीला हट्ट्याला पोचवायचं ठरलं. जावई पुण्याला नोकरीला, त्यांना सुटी नव्हती. माणिकरावांनी जानेवारीतला दिवस काढला, आणि सकाळी नऊच्या आत लेकराचं पाऊल घरात पडलं पाहिजे असंही ठरवून टाकलं. (लेकरू अजून मानही धरत नव्हतं. पाऊल कुठलं पडणार?) म्हणजे निघायचं भल्या पहाटे. आमचा उन्हाळा सगळ्यांना माहीत आहे, पण जानेवारीत कयाधू नदीवरून वारं सुटलं की म्हशीसुद्धा गोठ्याबाहेर यायला भाव करतात.

माणिकरावांचा फोन आला.

"इवाई, माझी गाडी पाठवून देतो. तिच्यात गरम हवा येती. लेकराला गारठा नको."

"माझ्या गाडीत काय बरफ पडतो का?"

"तसं न्हाई म्हणत मी. पर तुमची गाडी म्हणजे..."

"नातू आजोबाच्या गाडीतून येईल. गरम हवेत येईल. तुमी फक्त दारात हुभे ऱ्हावा."

फोन ठेवला, खाली गेलो, गाडी चालू केली आणि ते बटण पहिल्यांदाच लाल बाजूला फिरवलं. कोल्ड्रिंकच्या दुकानातला फ्रीज उघडावा तशी हवा आली. इंजिन गरम व्हायला वेळ लागत असेल म्हणून थांबलो. खूप वेळ थांबलो. इंजिनचं माहीत नाही, माझे गुडघे मात्र गोठले. माझी बायको सुमन गॅलरीतून बघत होती.

"आली का गरम हवा?"

"येऊन राहिली," मी दात वाजवत म्हणालो.

आता प्रकरण सरळ होतं. हीटर चालू झाला नाही तर आठवड्याने ती पांढरी गाडी माझ्या दारात येणार आणि माझा नातू त्या मोरासारखा माझ्या डोळ्यांदेखत उचलून नेणार. हे मी जिवंतपणी होऊ देणार नव्हतो.

माझा मेकॅनिक सलीमभाई. त्याचं गॅरेज रेल्वे स्टेशनच्या वाटेवर. त्याला गाड्यांतलं जेवढं कळतं त्यापेक्षा बोलण्यातलं जास्त कळतं, आणि म्हणूनच तो मला आवडतो. घासाघिशीला तोडीस तोड माणूस लागतो, नाहीतर मजा नाही.

"हीटर?" सलीमभाई म्हणाला. "सेठ, हिंगोलीत हीटर? इतक्या वर्षांत लोकांनी एसी मागितला, पंखा मागितला. हीटरवाले तुमी पहिले."

"बोल, किती घेशील?"

"अरे, आधी खोलून तर बघू द्या."

"आधी भाव. मग बॉनेट."

हा माझा नियम आहे. एकदा बॉनेट उघडलं की आतून नुसता खर्च बाहेर येतो. म्हणून मी गुत्तं करतो. सगळं काम एका ठरलेल्या रकमेत. आत काहीही निघो, वर एक पैसा नाही. विहीर, घर, लग्नाचा स्वयंपाक, मी सगळी कामं गुत्त्यानेच दिली. (त्या स्वयंपाकात शेवटच्या पंगतीला वरण फार पातळ झालं होतं, पण तो विषय वेगळा.)

"गरम हवा येईपर्यंत जे लागंल ते सगळं गुत्त्यात," मी म्हणालो.

आमचे आवाज एवढे चढले की शेजारचा पंक्चरवाला भांडण सोडवायला उठून आला. आम्ही दोघांनी त्याला परत बसवलं. शेवटी रक्कम अशी ठरली की सलीमभाईने कपाळाला हात लावला. मी मनातल्या मनात हसलो.

गुत्त्याची एक खोड आहे, ती तेव्हा माझ्या लक्षात आली नाही. ठरलेल्या रकमेत काम करणारा माणूस आधी रोग शोधत नाही. तो आधी फुकटचं औषध शोधतो.

सलीमभाईने पहिल्यांदा डॅशबोर्डवर बुक्की मारली. (फुकट.) मग फ्यूज काढला, फुंकर मारली आणि परत बसवला. (फुकट.) मग पाण्याची नळी लावून हीटरचे पाइप धुतले. त्यातून चहासारखं पाणी निघालं तेव्हा तो खुशीत म्हणाला, "देखो सेठ, कचरा. आता बराबर."

बराबर काही नव्हतं. हवा होती तशीच गार, फक्त आता धुतलेली.

दुसऱ्या दिवशी त्याने नवं निदान काढलं. "पंखा कमजोर हाय. म्हणून गरमी पुढं येत न्हाई. बटणातून करंट कमी येऊन राहिला. डायरेक्ट करून टाकू."

म्हणजे त्याने आतल्या पंख्याची वायर बटणाला वगळून सरळ किल्लीला जोडली. आता किल्ली फिरवली की पंखा पूर्ण जोरात सुरू, आणि किल्ली काढेपर्यंत तो बंद होणार नाही. वायरचा तुकडा त्याच्याकडे पडलेलाच होता, त्यामुळे हेही फुकट.

परिणाम असा झाला की आधी माझी गाडी सांगितल्यावर गार हवा द्यायची, ती आता न सांगता देऊ लागली. जानेवारीत, आणि तुफान. मी कानटोपी, मफलर, स्वेटर चढवून बाजारात जाऊ लागलो. यार्डातले लोक विचारायचे, "शेठ, काश्मीरला दुकान काढलं का?"

"सलीमभाई," मी गॅरेजमध्ये जाऊन कडाडलो, "माझं गुत्तं गरम हवेचं हाय."

"हवा तर आली ना सेठ," तो म्हणाला. "आता फक्त गरमीच राहिली."

मग मी काम स्वतःच्या हातात घेतलं. थंडीत ट्रकवाले रेडिएटरच्या पुढे पुठ्ठा लावतात, म्हणजे इंजिनला गार वारा लागत नाही, हे मी पाहिलेलं होतं. पुठ्ठा विकत आणावा लागला असता. हळदीचं रिकामं पोतं घरचंच होतं. मी ते सुतळीने गाडीच्या तोंडाला बांधलं. पोतं मोठं निघालं, म्हणून उरलेलं बॉनेटवरून थेट काचेपर्यंत अंथरलं. गाडी एखाद्या आजारी बैलासारखी दिसायला लागली, पण मी त्याकडे दुर्लक्ष केलं.

सुमनला बाळासाठी टोपडी-झबली घ्यायला बाजारात जायचं होतं. मी म्हणालो, चल, गरम हवेत नेतो.

हळदीचं पोतं रिकामं झालं म्हणजे त्यातली हळद संपली असं ज्याला वाटतं, त्याने ते कधी झटकून बघितलेलं नसतं. माझी तर जन्मभराची रोजीरोटी तीच, तरी मला ते त्या क्षणी सुचलं नाही. गाडी आतली हवा ओढते ती समोरच्या काचेखालून. काचेखाली पोतं. पोत्यात हळद. आणि पंखा डायरेक्ट.

मी किल्ली फिरवली.

पिवळं धुकं जरा विरलं तेव्हा आम्ही भर बाजारात होतो. मला सुमन दिसत नव्हती, फक्त तिचे डोळे दिसत होते, आणि ते न दिसते तर बरं झालं असतं. तिची पांढरी शाल, माझी टोपी, मिश्या, भुवया, सगळं एका रंगाचं. पंखा थांबवायचा तर गाडी बंद करायला हवी आणि मागे ट्रॅक्टरवाला हॉर्न देत होता. ओळखीचा एक दुकानदार खिडकीत वाकून बघू लागला.

"काय शेठ, पुन्यांदा हळद लागली का?" तो म्हणाला. "जोडा मात्र शोभून दिसतो."

मी त्याला उत्तर देणार, तेवढ्यात सुमनने जाळीपुढे हात धरला.

"आवं, जरा कोमट येऊन राहिली."

मीही हात धरला. खरंच कोमट होती. मला एवढा आनंद झाला की मी हळदीसकट हसलो. आणि तेवढ्यात माझी नजर काट्यावर गेली.

या काट्याबद्दल सांगायला हवं. इंजिन किती तापलं ते दाखवणारा तो काटा माझ्या गाडीत मागच्या उन्हाळ्यापासून तळाला झोपून होता. भर मे महिन्यात नांदेडला जाऊन आलो तरी त्याने मान वर केली नाही. लोकांच्या गाड्या घाटात वाफा सोडतात आणि माझी गाडी गार! मी तो काटा पाहुण्यांना गाडीत बसवून दाखवायचो. असं थंड डोक्याचं इंजिन जिल्ह्यात दुसरं नाही, असं सांगायचो. आणि आज तो काटा तळ सोडून वर सरकला होता.

मी तिथेच ब्रेक मारला, उतरलो आणि पोतं ओरबाडून काढलं. (ट्रॅक्टरवाला काय म्हणाला ते इथे लिहिता येणार नाही.)

"पोतं काहून काढलं?" सुमनने विचारलं.

"काटा वर गेला. इंजिन जळंल."

ती जाळीपुढे हात धरून बसून राहिली. थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "झाली पुन्हा गार."

"मग?"

"मग काय मग? काटा वर गेला तवा हवा कोमट झाली, काटा खाली आला आन् हवा गार झाली. चूल पेटलीच न्हाई तर भाकर कशी भाजंल? तुमचं इंजिनच गार हाय. ते गरम हवा कुठून आणंल? आन् तुमी वर्षभर त्या गार इंजिनची आरती करून राहिले."

तिचं म्हणणं बरोबर आहे हे मला लगेच कळलं. म्हणून मी गॅरेजपर्यंत तिच्यावर चिडत गाडी हाकली.

"सलीमभाई, माझ्या गाडीचा काटा वर काहून येत न्हाई?"

सलीमभाई आमच्या रंगाकडे बघून हसणार होता, पण प्रश्न ऐकून थांबला. त्याने फडक्याला हात पुसले. परत पुसले.

"सेठ, मागल्या उन्हाळ्यात तुमच्या रेडिएटरचं काम केलं, याद हाय?"

"हाय. गुत्त्यात केलं."

"गुत्त्यात केलं. आन् काम झाल्यावर तुमी म्हणले, भाजीवाली मिरच्यांवर कोथिंबीर देती, तू वर काय देशील?"

"म्हणलो असंन." (मी नेहमीच म्हणतो.)

"मग मी वर वॉल्व काढून दिला."

इंजिन नीट तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा एक छोटा वॉल्व असतो. आमच्या भागात उन्हाळ्यात गाडी तापायला लागली की मेकॅनिक तो काढूनच टाकतात. मग पाणी पहिल्यापासून फिरत राहतं आणि इंजिन कधी तापतच नाही. उन्हाळ्यात सोय होते. हिवाळ्यात काय होतं हे कुणी विचारत नाही, कारण हिवाळ्यात कुणी हीटर लावत नाही. थोडक्यात, मी कोथिंबीर मागितली आणि त्याने माझ्याच पिशवीतल्या मिरच्या काढून घेतल्या. आणि मी "मेहरबानी" म्हणून घरी गेलो होतो.

"मग इतके दिवस बुक्क्या मारल्या, फुंकरा मारल्या, ते काहून?"

"सेठ, मी शंभर गाड्यांचे वॉल्व काढले असतील. कोणाकोणाचं ध्यानात ठेवू? परत बसवून दे म्हणून आजवर कोणी आलंच न्हाई."

"बसव मग. गुत्त्यात."

"वॉल्व गुत्त्यात न्हाई बसत."

"गरम हवा येईपर्यंत जे लागंल ते, असं ठरलंय."

यावर आमची जी जुंपली ती ऐकायला या वेळी पंक्चरवाला स्टूल घेऊनच आला. सुमन पिवळी शाल पांघरून गाडीतच बसून राहिली. शेवटी पंक्चरवाल्याने निकाल दिला की ठरलं ते ठरलं, वॉल्व गुत्त्यात. मी जिंकलो. सलीमभाईने तोंड पाडून नवा वॉल्व आणला आणि बसवला. गाडी चालू केली, काटा हळूहळू उठून मध्यावर येऊन बसला, आणि जाळीतून हवा आली ती थेट भट्टीची.

"आता ऐका सेठ," सलीमभाई हात धूत म्हणाला. "पंख्याची वायर परत बटणावर घ्यावी लागंल. आन् ते लाल-निळं बटण तुमी पिळून पिळून ढिलं केलंय. पण गरम हवा आली, गुत्तं संपलं. हे काम वेगळं."

"राहू दे," मी म्हणालो. "इतक्या तकलिफीनं हवा आली. ती बंद कशाला करायची?"

एवढ्या रुबाबात मी क्वचितच काही बोललो असेन.

घरी येऊन माणिकरावांना फोन लावला. "गाडी पाठवू नका. गरम हवा इतकी हाय की हट्ट्यापर्यंत पुरून उरंल."

"बघा बरं इवाई. लेकराचा मामला हाय."

"तुमी दारात हुभे ऱ्हावा," मी पुन्हा सांगितलं.

ठरल्या दिवशी अंधार ओसरता ओसरता निघालो. पुढे मी एकटा. शेजारच्या सीटवर डिंकाच्या लाडवांचा डबा आणि बाळाचं सामान. मागे सुमन, अर्चना आणि तिच्या मांडीवर नातू. बाहेर शेतांवर धुकं होतं, रस्त्याच्या कडेला लोक शेकोटीभोवती उकिडवे बसलेले. आणि गाव सुटेपर्यंत माझ्या गाडीत अशी ऊब भरली की मला त्या शेकोटीवाल्यांची कीव आली.

"बाबा, किती छान वाटून राहिलं," अर्चना म्हणाली.

माझा ऊर भरून आला. पाठोपाठ घामही आला. मी कानटोपी काढून मागे टाकली. थोड्या वेळाने मफलर. मग एका हाताने गाडी सांभाळत स्वेटर. मागच्या सीटवर गुढीपाडव्याची सकाळ होती. पुढे, जिथे सगळ्या जाळ्या माझ्या तोंडावर आणि गुडघ्यांवर उघडत होत्या, तिथे वैशाखातली दुपार लागली होती.

जरा कमी करावं म्हणून बटण निळ्या बाजूला पिळलं. ते माझ्या हातात आलं. आतली तार लाल बाजूलाच राहिली. मी ते कुणी बघायच्या आत खिशात टाकलं. पंख्याचं बटण दाबलं, तर ते केव्हाच नावापुरतं उरलेलं. जाळ्या बंद केल्या, तर तीच हवा दुपटीने पायांवर यायला लागली. शेजारच्या डब्यातून तुपाचा वास सुटला. लाडू विरघळत होते आणि मीही.

मी खिडकीची काच बोटभर खाली केली.

"आवं, काच," सुमन मागून म्हणाली. "वारं सरळ लेकराच्या टाळूवर येऊन राहिलं."

"मला जरा गरम होऊन राहिलं."

"मग? आठवडाभर घर डोक्यावर कशासाठी घेतलं होतं?"

काच वर केली. वाटेतल्या औंढ्यात थांबून पाच मिनिटं वाऱ्याला उभं राहावं असा विचार आला, पण नऊच्या आत ते न पडणारं पाऊल पडायला हवं होतं. उशीर झाला असता तर माणिकराव म्हणाले असते, म्हातारी गाडी, वाटंत दम लागला. मी थांबलो नाही. औंढ्याच्या पुढे शर्टाची वरची बटणं सोडली. हट्टा दिसायला लागलं तोवर शर्ट अंगाला असा चिकटला होता की बटणं सोडून उपयोग नव्हता.

पण पोचलो वेळेत. माणिकरावांच्या दारात सगळं घर उभं होतं. इहीणबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, बाळाला हातात घेतलं आणि त्याच्या गालाला गाल लावला.

"कसं ऊबदार हाय बघा लेकरू," त्या म्हणाल्या. "गारठ्याचं नाव न्हाई."

या वाक्यासाठी मी आठवडाभर गार हवा खाल्ली होती. ते वाक्य रीतसर स्वीकारावं म्हणून मी किल्ली काढली आणि दार उघडून बाहेर आलो.

बाहेर वारं होतं. ओल्या शर्टातून ते हाडापर्यंत गेलं आणि मी थडथडा उडायला लागलो. तोंड लालबुंद, केस ओले, आणि माझ्या डोक्यातून वाफ निघत होती असं अर्चनाने नंतर सांगितलं. माणिकराव पुढे आले आणि त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला.

"ह्यांचं अंग तर तव्यावानी तापलंय," ते म्हणाले. "थंडी वाजून ताप भरलाय ह्यांना." मग त्यांनी उघड्या दारांमुळे एव्हाना गार झालेल्या गाडीत वाकून बघितलं. माझं स्वेटर, मफलर, कानटोपी, सगळं अर्चनाने वाटेत बाळाच्या अंगाखाली घेतलेलं मागच्या सीटवर तसंच पडलं होतं. ते बघून माणिकरावांचा आवाज एकदम बदलला. "अहो, ह्या माणसानं सोताच्या अंगावरचं सगळं लेकराला घातलं आन् आपण गारठत आला. म्हणलं होतं मी, गाडी पाठवतो म्हणून."

इहीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

आता मी काय बोलणार? गाडीत हीटर आहे म्हणावं, तर ते म्हणतील, दाखवा. चालू करून दाखवावा, तर पहिलं वाक्य येणार, "इवाई, जरा कमी करा." आणि कमी करायचं बटण माझ्या खिशात. ती गोष्ट संध्याकाळपर्यंत अख्ख्या हट्ट्यात चहासोबत फिरली असती. मी मदतीसाठी सुमनकडे बघितलं.

"लई जीव त्यांचा नातवावर," ती म्हणाली आणि लाडवांचा डबा घ्यायला वळली. तिचे खांदे हलत होते. अर्चनाने तर हातात उरलेल्या दुपट्यातच तोंड खुपसलं होतं.

आतल्या खोलीत बाळंतिणीसाठी बाज टाकून ठेवलेली होती. खाली शेगडीत लालभडक निखारे, त्यावर ओव्याची धुरी.

"अर्चू, तू बस जराशी," इहीणबाई म्हणाल्या. "आधी तुझ्या बाबाला निजू दे."

मला चौघांनी धरून तिथे निजवलं. अंगावर दोन गोधड्या आल्या. डोक्याला फडकं बांधलं, कानात कापूस घातला. बाळंतीण दारात उभी राहून बघत होती आणि शेक मी घेत होतो. माणिकराव उशाशी बसले. त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल इतका आदर मी पूर्वी कधी पाहिला नव्हता.

"सांजच्याला माझी गाडी सोडंल तुमाला घरी," ते म्हणाले. "तुमची राहू द्या हितंच." मग गोधडी माझ्या हनुवटीपर्यंत ओढून त्यांनी विचारलं, "इवाई, ऊब मिळाली का?"

समोरच्याने जेवढं देऊ केलं तेवढ्यावर मी जन्मात कधी थांबलेलो नाही. तोंडाला सवय लागलेली असते.

"अजून थोडी चालंल," मी म्हणालो.

माणिकरावांनी आतल्या घराकडे तोंड करून तिसरी गोधडी मागवली.